पूर्वनोंद: उपाध्ये आणि मगदूम

लग्न करायचं की नाही हे ठरवण्यासाठी अभिनंदन उपाध्ये आणि पद्मजा मगदूम यांनी आधी प्रकल्प क्रमांक घेतला. दुसरा इलाज नव्हता. सांगलीच्या संकेत-शोध केंद्रात प्रकल्प क्रमांक असल्याशिवाय डेटा उघडत नसे, प्रिंटरमधून कागद बाहेर येत नसे, आणि एकदा तर चहासुद्धा अडवला होता.

अर्जातल्या 'शीर्षक' या रकान्यात पद्मजाने 'उपाध्ये-मगदूम' असं लिहिलं. 'अपेक्षित सामाजिक उपयोग' या रकान्यात अभिनंदनने 'दोन कुटुंबांची काळजी मिटेल' असं लिहिलं. केंद्राचे संचालक नाईकवडी सर यांनी साक्षीदार म्हणून सही करण्याआधी अर्ज दोनदा वाचला.

"याला निधी लागणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"हॉलचं भाडं, सर," अभिनंदन म्हणाला. "पण ते निकालानंतर."

सरांनी सही केली. अभिनंदन काय बोलला याकडे लक्ष न देण्याची सवय त्यांनी पहिल्या महिन्यातच लावून घेतली होती.

केंद्राने जे शोधलं होतं ते सांगायला सोपं होतं, म्हणूनच ते एवढं पसरलं. दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या दोन्हींच्या मधे एक फट असते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढी. फोनकंपन्यांनी दहा वर्षांच्या संभाषणांतून शब्द काढून टाकले आणि नुसत्या वेळा केंद्राला दिल्या: कोण कधी थांबलं, कोण कधी सुरू झालं. अशा लाखो जोड्या. त्यातल्या कुठल्या टिकल्या आणि कुठल्या मोडल्या, हे कोर्टाच्या नोंदींतून आलं.

मग यंत्राने त्या ढिगाला चाळीस हजार प्रश्न विचारले. मंगळवारी जास्त बोलणारे टिकतात का? आधी फोन ठेवणारा माणूस आधी घरही सोडतो का? गोम इथेच असते. चाळीस हजार माणसांना नाणी उडवायला दिली तर कुणातरी एकाला सलग तेरा वेळा छापा येतोच. त्याला नाण्यातलं काही कळतं असं नाही, पण सत्कार ठेवला तर तो येतो. तसंच प्रश्नांचं. खूप विचारले की काही उत्तरं नुसत्या नशिबाने 'हो' येतात. म्हणून केंद्राची एक रीत होती. निम्मा डेटा कुलपात ठेवायचा. खुल्या निम्म्यात जे सापडेल ते लिहून काढायचं आणि मग कुलूप एकदाच उघडून तिथेही तेच दिसतं का बघायचं. उघडण्याआधी आपण काय शोधतोय आणि निकाल काहीही आला तरी काय करणार, हे लिहून सही करायची. याला पूर्वनोंद म्हणत. आकडा बघून मत बदलायचं नाही. ही रीत केंद्रात देवपूजेपेक्षा कडक होती, कारण पूजेत निदान गडबडीच्या दिवशी थोडक्यात उरकता येतं.

चाळीस हजारांतून एकच उत्तर कुलपातून जिवंत बाहेर आलं. ज्या जोडप्यांतली ती फट दरवर्षी एका ठरावीक रेषेपेक्षा जास्त वाढते, त्यांच्यातली बहुतेक पाच वर्षांत मोडतात. त्या फटीला केंद्राने 'विराम' असं नाव दिलं.

वर्षभरात वधू-वर मेळाव्यांत मुलं स्टेजवर येऊन सांगू लागली, "शिक्षण एम. टेक., उंची पाच सात, विराम दाखला प्रतीक्षेत." दाखल्यासाठी आधी भरपूर फोन झालेले असावे लागत. पूर्वी मुलं चोरून बोलायची. आता आया मुलींच्या हातात फोन देऊन दाराबाहेर बसू लागल्या आणि आवाज थांबला की आतमध्ये डोकावून म्हणू लागल्या, "गप्प का? बोल की त्याच्याशी."

अभिनंदनच्या आईचंही मत पक्कं होतं. "एकवेळ मंगळ चालेल," ती म्हणायची, "पण ते विरामाचं लफडं नको."

पद्मजा तेव्हा लडाखहून नुकतीच परतली होती. केंद्राची यंत्रं सांगलीच्या उन्हात तापायची, म्हणून ती दोन वर्षांपूर्वी लडाखला हलवली होती. यंत्रांना तिथली हवा मानवली, असं वार्षिक अहवालात म्हटलं होतं. सोबत पाठवलेल्या माणसांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

आणि त्या दोन वर्षांत काहीतरी बिघडलं होतं. अभिनंदन चेहरा जरासुद्धा न हलवता विनोद करणारा माणूस. त्याची सगळी कमाई म्हणजे पद्मजाचं हसू. ती सांगलीत असताना ते हसू त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत यायचं. ती लडाखला गेली आणि ते उशिरा यायला लागलं. फार नाही. एखाद्याने विनोद हातात घेऊन उलटासुलटा करून बघावा आणि मग म्हणावं, ठीक आहे, हसते, तेवढंच. त्याने ते तिला कधी सांगितलं नाही. विनोदाला उशिरा हसतेस अशी तक्रार कुठल्या तोंडाने करायची? पद्मजानेही त्याला सांगितलं नाही, की "आठवण येते का?" असं विचारल्यावर तो आधी जरासा विचार करतो आणि मग "येते" म्हणतो.

केंद्राच्या कँटीनमध्ये, पोह्यांची प्लेट बाजूला सारून, तिने विषय काढला.

"मला भीती वाटते, उपाध्ये."

"माझी?"

"आपली. दोन वर्षांत काहीतरी बदललंय. तुला नाही वाटत?"

"तुझ्या गालांचा रंग बदललाय. भाजलेल्या बटाट्यासारखे झालेत."

ती हसली. मग म्हणाली, "तपासून बघू या."

"बटाटे?"

"आपला विराम. आपले सगळे फोन कंपनीकडे आहेत. आणि अशी चाचणी घ्यायला आपल्यापेक्षा लायक माणसं कोण आहेत?"

अभिनंदनने चमचा ठेवला. "आणि रेषेच्या वर आला तर?"

"तर नाही करायचं लग्न. आधी लिहायचं, मग बघायचं. खाली आला तर दिवाळीनंतरची तारीख. वर आला तर नाही. बघून झाल्यावर ठरवायचं असेल तर मग बघायचं कशाला?"

नव्या मुलांना तो स्वतः हेच वाक्य शिकवायचा. त्याने एवढंच म्हणून बघितलं, "लडाख लांब आहे, मगदूम. आवाज यायला-जायला वेळ लागत असेल."

"तो कंपनीने आधीच वजा केलाय. डेटाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय की."

लिहिलेलं होतं. त्याने नंतर जाऊन पान पाहिलं, तेव्हाही लिहिलेलंच होतं.

निकालाच्या दिवशी दोघं एका पडद्यासमोर दोन खुर्च्यांवर बसले. रेषा शंभरावर होती, म्हणजे वर्षाला सेकंदाचे शंभर सहस्रांश. त्यांचा आकडा एकशे चाळीस आला.



"पुरवणी परीक्षा असते का गं याला?" अभिनंदनने विचारलं.

पद्मजा हसली, आणि मग तिचे डोळे भरले. तिला वाटलं, आता हा म्हणेल, आकडा गेला खड्ड्यात, आपण तारीख काढू. त्याला वाटलं, ही म्हणेल. एक वाक्य पुरलं असतं. ते कुणीही म्हटलं असतं तरी दुसऱ्याने हात घट्ट धरला असता. पण केंद्राच्या इतिहासात पूर्वनोंद कुणी मोडली नव्हती. शिवाय त्याच्या डोक्यात ते उशिरा येणारं हसू होतं आणि तिच्या डोक्यात ते विचार करून म्हटलेलं "येते". आकड्याने नवीन काही सांगितलं नाही. दोघांना जी शंका होती तिच्यावर शिक्का मारून दिला, एवढंच.

"तर मग," ती म्हणाली.

"तर मग," तो म्हणाला.

नाईकवडी सरांनी वार्षिक अहवालात 'पद्धतीवरील निष्ठा' या मथळ्याखाली त्यांच्याबद्दल एक परिच्छेद लिहिला. नावं वगळून. पण केंद्रात प्रेमात पडलेली जोडी एकच होती.

अभिनंदनची आई मात्र रागावली. "अरे, पण पोरगी किती चांगली होती."

"तूच म्हणायचीस ना, विराम नको."

"मी दिवसभर काय काय म्हणते. कधी ऐकलंस? नेमकं हेच बरं ऐकलंस."

पुढच्या वर्षी पद्मजाने केंद्र सोडलं. जयसिंगपूरच्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवू लागली आणि तिचं लग्न भरतेश चौगुलेशी ठरलं. भरतेशचं स्कूटरच्या बॅटऱ्या बदलून देण्याचं दुकान होतं आणि घर तिच्या माहेराच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांचा विराम वर्षभरात वाढलाच नाही. दाखल्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा आला. तिच्या वडिलांनी तो फ्रेम करून घेतला. अभिनंदन लग्नाला गेला, अक्षता टाकल्या, दोनदा जिलबी मागून घेतली. भरतेशने त्याला हाताला धरून आग्रह केला. तो वाईट माणूस असता तर पुष्कळ सोपं झालं असतं, पण त्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

मग काही वर्षांनी, एका पावसाळ्यानंतर यंत्राने जाहीर केलं की घाटाखालचा एक अख्खा तालुका घटस्फोट घेणार आहे.

तालुक्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, तिथल्या लोकांनी आधीच पुरेसं सोसलं आहे. रेषेच्या वर गेलेल्यांत नवी लग्नं होती तशी जुनीही होती. सरपंच आणि त्यांची बायको होती. यंत्राला नुसते नंबर दिसत, त्यामुळे रोज फोनवर भांडणारे भातगिरणीचे दोन भागीदारही जोडपं म्हणून धरले गेले होते आणि तेही आता वेगळे होणार होते. कोर्टाने जादा न्यायाधीश मागवला. समुपदेशक गेले. सभागृहात नवरे एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसवल्या, आणि दोन दिवसांत लोक खरोखर भांडू लागले. तुमचं पटत नाही असं सरकारी कागदावर आलं की माणूस आठवून आठवून कारणं काढतो. एकीने वीस वर्षांपूर्वीची फणसाची भाजी काढली.

केंद्राने अभिनंदनला चौकशीसाठी पाठवलं. एका म्हाताऱ्याने त्याला गाठून विचारलं, "साहेब, मी हिच्याशी फोनवर फक्त 'येतंय' एवढंच बोलतंय. त्यात कसला विराम?"

अभिनंदनने त्याचं म्हणणं लिहून घेतलं. संध्याकाळी लॉजवरून त्याने आईला फोन लावला. त्याच्या आईने त्याचं एकही वाक्य आजवर पुरं होऊ दिलं नव्हतं. त्या दोघांचा विराम मोजला असता तर उणे आला असता.

"आई, मी आज दुपारी जेवलो नाही," तो म्हणाला.

पलीकडे शांतता. अगदी जराशी. मग आई सुरू झाली.

तिचं संपेपर्यंत तो थांबला. मग मुद्दामच म्हणाला, "आणि मी आयुष्यात कधी लग्न करणार नाही."

पुन्हा तीच जराशी शांतता.

"आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय झालंय? तूच काहीतरी बरळतोयस."

त्याने फोन ठेवला आणि खाली जाऊन लॉजच्या मालकाला विचारलं, इथले फोन कुठून जातात. मालकाने घाटाकडे बोट दाखवलं. "दरड कोसळून केबल तुटली ना जुलैत. तेव्हापासून तिथून." आणि तेच बोट आभाळाकडे नेलं.

अभिनंदन लॉजच्या पायरीवर बसला. त्या जुन्या धाटणीच्या उपग्रहापर्यंतचं अंतर छत्तीस हजार किलोमीटर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. बोलणाऱ्याला वाटतं, समोरचा अर्धा सेकंद थांबला. समोरचा थांबलेला नसतो, त्याचं उत्तर वाटेत असतं. कंपनीने वेळ वजा केला होता हे खरंच होतं. पण सगळ्यांची सरासरी काढून, सारखाच. म्हणजे वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांचा म्हणून पाव किलो वजा करावा आणि त्यात एक जण चिलखत घालून आलेला असावा.

आणि केबल सुटून उपग्रहावरून बोलायला लागणारे कोण? जहाजांवरचे, सीमेवरचे, खाणींवरचे, जंगलातल्या छावण्यांवरचे. आपल्या माणसापासून लांब राहणारे. लांब राहिल्याने संसार मोडतात, हे यंत्राशिवायही माहीत होतं. यंत्राने ते अंतर मोजलं आणि केंद्राने त्यावर 'प्रेम आटतंय' अशी चिठ्ठी लावली. कुलपातला निम्मा डेटाही असाच मोजलेला होता. कुलूप नशिबापासून वाचवतं. नासकं कलिंगड मधोमध कापलं तर दुसरी फोड चांगली निघत नाही.

लडाखची केबल हिवाळाभर बर्फाने तुटलेली असायची. हेही त्याला तेव्हाच आठवलं. आणि हेही, की कँटीनमध्ये, पडद्यासमोर, प्रत्येक वेळी तिचं हसू लगेच आलं होतं. पहिल्यासारखंच. समोर बसलेली होती ती. त्याने त्याकडे लक्षच दिलं नव्हतं, तो आकड्याकडे बघत होता.

सांगलीला परतल्यावर त्याने प्रत्येक फोनचा मार्ग शोधून वेळा नव्याने वजा करण्याचं गणित मांडलं. पहिल्यांदा ते तालुक्यावर चालवायला हवं होतं. त्याने ते एका जोडीवर चालवलं.

उणे चार.

त्या दोन वर्षांत, बर्फ, यंत्रं आणि छत्तीस हजार किलोमीटर मधे असताना, ती दोघं एकमेकांना आधीपेक्षा जरा लवकर उत्तर द्यायला लागली होती.

नाईकवडी सरांनी गणित तपासलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "दाखला बघून किती लग्नं मोडली असतील रे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं जाहीर करायचं ठरलं.

बातमीतून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून अभिनंदनने संध्याकाळी पद्मजाला फोन केला. मागे कुकरची शिट्टी झाली. एका लहान मुलीचा आवाज येत होता.

"बोल, उपाध्ये. जिवंत आहेस?"

"केंद्राच्या नोंदीप्रमाणे."

त्याने सगळं सांगितलं. तालुका, दरड, आई, उपग्रह.  लडाखपर्यंत आला तेव्हा कुकरचा आवाज बंद झाला होता. तिने गॅस बंद केला असावा.

"सरासरी वजा केली होती," ती म्हणाली. "सगळ्यांना एकच."

"हो."

"आणि मी तुला पहिलं पान दाखवलं."

"पानावर तसंच होतं, मगदूम. मीही वाचलं."

"मला वाटायचं, तू विचार करून सांगतोस. आठवण येते का विचारलं की. तू काय समजायचास?"

"काही नाही. माझं काय, मी बडबडत असायचो."

मुलीने काहीतरी पाडलं. पद्मजाने फोन बाजूला धरून तिला रागे भरलं, मग परत आली. तिचा आवाज आता कॉलेजातला होता.

"नवीन गणिताने आपला किती येतो?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. अख्ख्या नोकरीत त्याने एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. तिला गमावलं तेव्हाही नाही.

"एकशे बारा," तो म्हणाला.

"म्हणजे वरच."

"वरच. एकशे चाळीसचा एकशे बारा झाला, पण रेषेच्या खाली काही आला नाही."

"म्हणजे तेव्हा जे केलं ते बरोबरच होतं."

"आपल्यापुरतं तरी बरोबर होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "आपल्या फोनच्या वेळांची फाइल अजून आहे माझ्याकडे."

अभिनंदनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी नाही उघडणार," ती म्हणाली. "तू सांगितलंस ना."

मागून भरतेशचा आवाज आला, दिवस मावळतोय, ताटं घेऊ का? ती "आले" म्हणाली.

"जा, जेवून घे," अभिनंदन म्हणाला.

"हो. आणि अभिनंदन." तिने त्याला नावाने हाक मारायची सवय कधी लावून घेतली नव्हती. "उद्या तुम्ही जुने आकडे, नवे आकडे, सगळं जोडीनिहाय खुलं करणार ना?"

"करावंच लागेल."

"माझ्या वर्गातली पोरं हुशार आहेत. हातात डेटा पडला की एकेक ओळ स्वतः काढून बघतात, आणि मग मला आणून दाखवतात. समजलं का मी काय म्हणतेय?"

"समजलं."

"ठेवते."

शुद्धिपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं. दाखले रद्द झाले, भातगिरणीचे भागीदार पुन्हा रोज भांडू लागले, आणि तपासलेल्या सगळ्या जोड्यांचे जुने आणि नवे आकडे लोकांसाठी खुले केले गेले. एक जोडी तेवढी वगळली होती. वगळण्याचं कारण लिहिणं बंधनकारक होतं, म्हणून त्या रकान्यात अभिनंदनने 'नोंद अपूर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली.